भरलेला परत येणारा पेला

मारोती सोनटक्के दोन्ही डोळे मिटून प्रार्थना करतो, असं मुखेडच्या ख्रिस्ती मंडळीत कोणी शपथेवर सांगणार नाही. एक डोळा मिटलेला असतो हे खरं. दुसरा किलकिला असतो आणि तो कोणाकडे बघत असेल याचा नेम नसतो. छत्तीस वर्षं एस.टी.त काढलेला माणूस. आधी कंडक्टर, शेवटची बारा वर्षं तिकीट तपासनीस. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी गावात त्याला चेकरच म्हणतात. अहमदपूर रस्त्यावर हात दाखवून गाडी थांबवायची, पुढच्या दारानं चढायचं आणि तिकिटं बघायच्या आधी चेहरे बघायचे, ही त्याची पद्धत. ज्याच्याजवळ तिकीट नसतं तो खिडकीबाहेर बघतो, असं तो सांगायचा आणि सहसा ते खरं निघायचं. एकदा सख्खा धाकटा भाऊच खिडकीबाहेर बघताना सापडला. मारोतीनं त्याला दंड केला, पावती हातात दिली आणि मग आईची तब्येत विचारली.

नाव मारोती आणि मंडळीचा वडील, याचं नव्या माणसाला हसू येतं. वडील म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या चार जाणत्यांपैकी एक. मारोतीच्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा पोराचं नाव शाळेत लागून गेलेलं होतं, पुढे तेच नोकरीच्या कागदांवर चढलं. एका पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, नाव बदलायचं सुचवलं तेव्हा मारोती म्हणाला, "पेन्शनचे कागद कोन बदलनार? अन् मी कोन हाय ते देवाला ठाव न्हाई का?"

बाकीचे वडील प्रार्थनेला उभे राहिले की प्रभूच्या कृपेवर बोलत. मारोती घसरणाऱ्यांवर बोलायचा. शुक्रवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना असे, तिथं त्याचा विषय ठरलेला, तारण म्हणजे पापातून सुटका. "तारन फुकट हाय, कबूल. पास फुकट मिळाला, बसा गाडीत. पन मधीच उतरून दुसऱ्या गाडीत बसले, तर मंग पहिल्या पासचं काय? उतरला तो उतरला." शास्त्रात, म्हणजे बायबलात, एका पत्रात एक कडक भाग आहे. ज्यांना एकदा उजेड दिसला, ज्यांनी देवाच्या देणगीची चव घेतली आणि तरी पाठ फिरवली, त्यांना पुन्हा वळवून आणणं होत नाही, असा त्याचा मतलब. मारोतीला तो भाग तोंडपाठ होता. मंडळीचे तरुण पाळक प्रीतम त्याला समजावून सांगत, की हा इशारा आहे, निकाल नव्हे. मारोती मान डोलवायचा आणि बाहेर आल्यावर म्हणायचा, "पाळकसाहेब कृपा लई सैल सोडून राहिले."

अशा माणसाच्या हाती पेले धुवायचं काम होतं, आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

महिन्याच्या पहिल्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा बोटभर पेला. प्रभूनं आपल्यासाठी देह दिला, रक्त सांडलं, याची आठवण म्हणून विश्वासी माणसानं ते घ्यायचं. इथला रस मारोतीच्या घरी तयार होई. त्याची बायको पार्वतीबाई आदल्या दिवशी काळ्या मनुका भिजवून उकळत, फडक्यातून गाळत आणि रविवारी सकाळी मंडळीच्या मागच्या खोलीत मोजून बेचाळीस पेले भरत. पुरुषांच्या बाजूला तबक मारोती फिरवायचा, बायकांच्या बाजूला अंगणवाडीच्या सिंधूताई. प्यायचं ते डोळे मिटून, आणि जाताना रिकामा पेला दाराजवळच्या टेबलावर ठेवायचा, अशी रीत. सगळे पांगले की मारोती टेबलावरचे पेले गोळा करून धुवायचा.

गेल्या सप्टेंबरात, मोठ्या दुखण्यातून उठून तो पुन्हा कामाला लागला तेव्हा, त्याला टेबलाच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात एक पेला काठोकाठ भरलेला सापडला. कोणाला तरी ठसका लागला असेल म्हणून त्यानं तो ओतून दिला. ऑक्टोबरात पुन्हा तसाच पेला, त्याच कोपऱ्यात. मारोतीच्या मनात पाल चुकचुकली. नोव्हेंबरात तो वाटच बघत होता, आणि पेला आला.

पेला तोंडाला न लावता ठेवणारा माणूस उगाच ठेवत नाही. एक तर त्याच्या मनात मोठं पाप आहे, नाहीतर त्याचा विश्वासच उडाला आहे आणि तो नुसता लोकलाजेला येऊन बसतो. मारोतीला दुसरं वाटलं. कोणीतरी गाडीतून उतरलं होतं आणि अजून गाडीत असल्याचं सोंग करत होतं. असं सोंग त्यानं कधी खपवून घेतलं नव्हतं.

पहिला संशय व्यंकटीवर. व्यंकटी रिक्षा चालवतो, पूर्वी प्यायचा, आणि दारूतून सुटलेल्या माणसावर जगाचा कधी भरवसा बसत नाही. डिसेंबरात मारोती तबक घेऊन त्याच्यासमोर उभाच राहिला. व्यंकटीनं डोळे मिटले, उघडले, तरी हा समोर.

"काय झालं, वडील?"

"काय न्हाई. पी तू."

व्यंकटी रस प्यायला आणि त्यानं पेला उलटा करून दाखवला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मारोतीचं लक्ष पेल्याकडे होतं. त्या दिवशी त्यानं अठराही पुरुषांना पिताना पाहिलं, एकेकाच्या गळ्याची घाटी हललेली पाहिली. तरी टेबलावर भरलेला पेला होताच. म्हणजे माणूस बायकांच्या बाजूचा. तिकडे टक लावून बघणं वडिलाला शोभणारं नव्हतं आणि मधे खांबही यायचा. मारोतीनं मग बाहेरून तपास सुरू केला.

त्याची नजर नीलम्मावर जाऊन थांबली. नीलम्मा लिंगायत घरातली. नवरा ईश्वरप्पा यांचं बाजारात किराणा दुकान. सात वर्षांपूर्वी दुखण्यात तिला कोणी प्रार्थनेला नेलं आणि तिचा विश्वास बसला. नवऱ्यानं अडवलं नाही, स्वतः मात्र तो कधी आला नाही. ती एकटी येते, एकटी जाते आणि आशीर्वाद संपला की कोणाशी बोलत थांबत नाही. वर दर सोमवारी ती अहमदपूरच्या गाडीनं कुठंतरी जाते, हे मारोतीला स्टँडवरच्या जुन्या सोबत्यांकडून कळलं होतं. सोमवार म्हणजे महादेवाचा वार. मारोतीला आणखी पुरावा नको होता.

फेब्रुवारीतल्या प्रभुभोजनालाही पेला भरलेला आला तेव्हा तो तडक पाळकांकडे गेला. जुन्या मिशनच्या काळचा एक नियम कपाटात पडून होता, तो त्यानंच हुडकून काढला. जो मागे फिरला त्याचं नाव मंडळीपुढे सांगायचं, तीन महिने त्याला प्रभुभोजन बंद, आणि तेवढे दिवस त्यानं शेवटच्या बाकावर बसायचं. प्रीतम पाळकांना हे पटलं नव्हतं. पण चार वडिलांपैकी तिघांनी हात वर केले. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उपासनेच्या शेवटी मारोतीनं नाव सांगायचं, असं ठरलं. त्या दिवसापासून मंडळीतली माणसं एकमेकांकडे चोरून बघू लागली. सलाम करताना कोणी कोणाच्या डोळ्यांत बघेना.

मधल्या एका सोमवारी मारोती सकाळीच अहमदपूरच्या गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसला, गळ्यातला रुमाल नाकापर्यंत घेऊन. कंडक्टरनं "काय साहेब, ड्युटीवर का?" असं मोठ्यानं विचारून सगळी मेहनत पाण्यात घातली होती, पण पुढे बसलेल्या नीलम्मानं मान वळवली नाही. अहमदपूरच्या अलीकडे एका फाट्यावर ती उतरली. मारोतीही उतरला. फाट्यापासून थोड्या अंतरावर महादेवाचं देऊळ होतं. ती देवळाकडेच चालली होती. मारोतीच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचा जोर आला.

नीलम्मा देवळावरून पुढे गेली आणि शेजारच्या पत्र्याच्या घरात शिरली. अंगणात बाजेवर एक सुरकुतलेली म्हातारी बसली होती. नीलम्मानं कोनाड्यातून भस्माचा गोळा काढला, तीन बोटं त्यावर घासली आणि म्हातारीच्या कपाळावर सावकाश तीन पट्टे ओढले. मारोती कुडाच्या आडून बघत होता. सापडली, एवढाच शब्द त्याच्या डोक्यात होता, आणि खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला होता.

"या मारोतीदादा," नीलम्मा मागं न वळता म्हणाली. "मुखेडपासून मागं हायेत. चहा तरी घ्या."

मारोती अंगणात येऊन उभा राहिला. चोरी पकडायला आलेल्या माणसाला कुडाआडून बाहेर यावं लागलं की त्याचा आवाज बसतो.

"हे काय, नीलम्माबाई?"

"ही माझी अव्वा. नव्वदीची हाय. हात थरथरतेत, भस्म लावल्याबिगर घास घेत न्हाई. भावजय सोमवारी बाजार करते, मनून मी येते. जेवू घालते, न्हाऊ घालते अन् तिचं भस्म तिला लावते." तिनं पदर मागं घेऊन आपलं कपाळ दाखवलं. "माझ्या कपाळाला लावलं का? बघा, लई तपासता ना."

"पन आपल्यात हे..."

"आईबापाचा मान ठेवा मनून आपल्यात सांगितलं हाय का न्हाई? का ते नुसतं ख्रिस्ती आईबापाचं हाय?"

म्हातारीनं त्याच्याकडे बघून बोळकं हसू केलं आणि कानडीत काहीतरी विचारलं. पाव्हणा जेवला का, असं ती विचारत होती.

"मंग तो पेला?" मारोती म्हणाला.

नीलम्मानं चहाचं आधण ठेवता ठेवता त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि तिथं कीव आली. मारोतीला रागापेक्षा ती जास्त लागली.

"माझा पेला मी पिते, दादा. तळाचा थेंबबी ठेवत न्हाई. भरलेला पेला टेबलावर कोन ठेवतं ते मला ठाव हाय. सहा महिने बघून राहिले, पन मी कुनाला सांगितलं न्हाई. बायकांच्या बाजूला खिडकीपाशी कोन बसतं, ते घरी जाऊन इचारा."

परतीच्या गाडीत मारोती सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होता. बायकांच्या बाजूला खिडकीपाशी पार्वती बसते. पूर्वी ती मधल्या ओळीत बसायची. खिडकीपाशी कधीपासून बसायला लागली, ते त्याला आठवेना. हजारो परक्यांचे चेहरे वाचलेल्या माणसानं घरचा चेहरा कधी बघितला नव्हता.

पार्वतीबाई ओसरीत मनुकांची देठं काढत बसल्या होत्या.

"पार्वती, तू खिडकीपाशी कामून बसतीस?"

"वारं लागतं मनून."

"थंडीतबी?"

त्यांचे हात थांबले. त्यांनी सूप बाजूला सरकवलं.

"कुनी सांगितलं तुमाला?"

"म्हंजी खरं हाय."

"हाव."

मारोती उभ्याउभ्याच चौकशीला लागला. कधीपासून, कशापायी, सोबत कोण होतं. पार्वतीबाईंनी एकेक सांगितलं. गेल्या आषाढात मारोतीच्या छातीत कळ आली होती आणि त्याला नांदेडच्या दवाखान्यात ठेवलं होतं. नळ्या लावलेल्या, शुद्ध नाही.

"डाक्टर म्हनले, आजचा दिवस निघाला तर बघू. मी तिथंच खाली बसून प्रार्थना केली. लई केली. मंग कपडे आनते मनून निघाले अन् मुखेडला न येता देगलूरच्या गाडीत बसले. माहेरी गेले. लिंबाखाली मरीआई हाय, तिच्यापुढं दहीभात ठिवला, हिरव्या बांगड्या ठिवल्या. मनलं, आई, माझा मालक राख. सांजच्याला परत आले तर तुम्ही उठून बसलेले, पानी मागून राहिले."

"येशूवर भरोसा न्हवता का तुझा?"

"व्हता. आताबी हाय. पन भ्या वाटलं. भ्या वाटलं की मानूस लहानपनी जिथं पळायचं तिथंच पळतं. मला कळलंबी न्हाई मी कुठं चालले."

"अन् मी साक्ष देतो तवा? प्रभूनं मला मरनातून काढलं मनून मी दर शुक्रवारी सांगतो, तवा तू गप बसून ऐकतीस?"

"काय बोलू मंग? तुम्ही जिते हायेत, मला तेवढं बास." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "तवापासून पेला घेत न्हाई. लबाडीनं कसा घ्यावा? उतरला तो उतरला, असं तुम्हीच सांगता. दर शुक्रवारी ऐकते. विनातिकीट तुमच्या गाडीत मी कशी बसू?"

मारोतीला राग आला. आधी तो राग स्वतःच्या अब्रूपायी होता, हे लपवण्यात अर्थ नाही. वडिलाच्या घरातच असं, आणि नाव सांगायचा दिवस त्यानंच ठरवलेला. मग त्याच्या डोक्यातल्या चेकरला एक गोष्ट खटकली.

"पन पेले तूच भरतीस. आपला भरला नसता, एकेचाळीसच भरले असते, तर मला जन्मात कळलं नसतं. कामून भरायचीस?"

पार्वतीबाईंनी सूप पुन्हा पुढं ओढलं.

"दर खेपंला वाटायचं, आज घेईन."

मारोती चप्पल घालून बाहेर पडला आणि बाजारापर्यंत जाऊन काहीही न घेता परत आला. तीन दिवस दोघं कामापुरतंच बोलले. त्याच्या मनात संशयाचा भुंगा काही सुटेना. एकदाच गेली की आणखीही गेली असेल? अजून काही लपवते का? पण दर महिन्याला स्वतःसाठी भरलेला आणि जागचा न हललेला तो पेला आठवला, की त्याचा सगळा तपास ढासळायचा. तो पेला तो कोपऱ्यातून उचलून मोरीत ओतायचा. सहा वेळा त्यानं तो ओतला होता.

शनिवारी तो पाळकांकडे गेला.

"पाळकसाहेब, एक मानूस हाय," तो म्हणाला. "भ्यापायी एकदा पाय घसरला. आता त्याला वाटतं, आपलं तारन गेलं. तर गेलं का?"

"कोण माणूस?"

"हाय एक."

प्रीतम पाळकांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. हा चेकर आपल्याला पारखायला आला की काय, असं त्यांना वाटलं असणार. या वडिलानं त्यांच्या प्रवचनातल्या चुका पाळकांच्या वरच्यांना कळवल्याचं एकदा घडलं होतं.

"वडील, प्रभूला तीनदा ओळख नाकारणारा त्याचा शिष्यच होता. त्याला बाहेर काढलं नाही. ज्याची पाठ खरोखर फिरते, त्याला पेल्याची आठवणसुद्धा राहत नाही. आपण गेलो म्हणून जो रडतो, तो गेलेला नसतो. त्या माणसाला सांगा हे."

"सांगून त्या मानसाला पटनार न्हाई."

"का?"

"उलटं सांगनारा मानूस रोज घरात..." मारोती थांबला. "जवळचा हाय त्याच्या. वीस वर्षं सांगून राहिला."

मारोती सलाम करून निघून आला.

रविवारी मंडळी कधी नव्हे ती गच्च भरली. एरवी न येणारेही नाव ऐकायला आले होते. नीलम्मा सगळ्यांच्या नजरा झेलत ताठ बसली होती, आणि तिच्या शेजारी खिडकीपाशी पार्वतीबाई. आशीर्वादाआधी पाळकांनी जड आवाजात मारोतीला पुढे बोलावलं. मारोती उभा राहिला. त्यानं गळा खाकरला आणि पहिल्यांदाच बायकांच्या बाजूला नीट पाहिलं. पार्वती खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे आधीच पडलेले होते, पावती हातात घ्यायला तयार असलेल्या माणसाचे पडतात तसे.

"तो पेला माझा हाय," मारोती म्हणाला.

कोणालाच ऐकल्याचं खरं वाटेना.

"मीच पेले गोळा करतो. माझा तसाच भरलेला ठिवत व्हतो. आषाढात दवाखान्यात व्हतो तवा भ्यालो. मरीआईला हात जोडले. तवापासून घेत न्हाई."

"मंग मला तबक धरून पाजलं ते कामून?" व्यंकटी बसल्या जागेवरून ओरडला. "एकेकाच्या गळ्याकडं बघत व्हते ते?"

"माझ्यावरचा शक दुसऱ्यावर जावा मनून. माफ कर, व्यंकटी."

यातलं माफ कर तेवढं खरं होतं. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्यानं एक खोटा शेरा मारला नव्हता, तो देवाच्या घरात, पाळकांसमोर, शंभर माणसांत सरळ खोटं बोलत होता. बायकांच्या बाजूला पार्वतीबाई अर्ध्या उठल्या. नीलम्मानं त्यांचं मनगट धरलं आणि त्यांना खाली बसवलं. ते पाळकांनी पाहिलं. त्यांनी मारोतीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि पुढ्यातलं शास्त्र मिटलं.

"नियम वडिलांनीच काढला आहे," ते शेवटी म्हणाले. "तीन महिने."

मारोती चालत जाऊन शेवटच्या बाकावर बसला.

घरी आल्यावर पार्वतीबाईंनी दार लावून घेतलं आणि पहिल्यांदाच त्याच्यावर आवाज चढवला.

"देवाच्या घरात खोटं बोलले! माझ्यापायी! आता तुमचं कसं व्हायचं?"

"माझं व्हायचं ते व्हईल. तू तिथं उभी राहिली असतीस, ते मला बघवलं नसतं."

"लोक थुकतील तुमच्या तोंडावर. व्यंकटी काय काय बोलून राहिला."

"बोलू दे. मीबी लई बोललोय."

पार्वतीबाई उंबऱ्यावर बसल्या. बराच वेळ त्या त्याच्याकडे बघत राहिल्या, एखादा परका माणूस घरात आला असावा तशा.

"सख्ख्या भावाला सोडलं न्हाई तुम्ही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अन् माझ्या जागी जाऊन बसले. तुमच्यासारखा मानूस असं करतो... मंग तो वरचा तुमच्यापेक्षा कडक हाय का?"

वीस वर्षं शुक्रवारी बोलत आलेल्या मारोतीला एवढं सोपं कधी सुचलं नव्हतं, याची त्याला लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मनुका भिजल्या, उकळल्या, गाळल्या गेल्या. रविवारी मागच्या खोलीत पार्वतीबाई पेले भरत होत्या. एकेचाळीस झाले तरी त्यांचा हात थांबला नाही.

"बास की," दारात उभा असलेला मारोती म्हणाला. "मला बंद हाय."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या आणि बेचाळिसावा भरला. "भरून ठिवते."

उपासनेत मारोती शेवटच्या बाकावर होता. पुढच्या लोकांच्या पाठींमुळे त्याला काही दिसत नव्हतं. पार्वती आज खिडकीपाशी नाही, मधल्या ओळीत बसली आहे, एवढं कळलं. सिंधूताईंचं तबक तिच्यापाशी थांबलं आणि पुढे गेलं. घेतला असेल? हातात घेऊन पुन्हा कोपऱ्यात ठेवायचा विचार असेल? डोळे मिटायची वेळ आली आणि सवयीनं त्याचा एक डोळा किलकिला राहिला. मग त्यानं तोही मिटला. मिटवला म्हणणं जास्त बरोबर, कारण त्याला जोर लावावा लागला.

लोक पांगल्यावर दाराजवळच्या टेबलापाशी तो आणि सिंधूताई दोघंच उरले. तबकात उरलेला त्याचा पेला सिंधूताईंनी टेबलावर आणून ठेवला होता. पेल्यांवर माश्या बसू नयेत म्हणून त्यांनी पांढरा रुमाल टाकला होता. रुमाल उचलला की काम भागणार होतं. एक भरलेला असेल तर तो आपला. दोन असतील तर पार्वतीचं मन अजून वळलेलं नाही. मारोतीचा हात रुमालापर्यंत गेला. बाहेर पार्वतीबाई नीलम्माशी बोलत उन्हात उभ्या होत्या आणि त्याच्याकडेच बघत होत्या.

"ताई," मारोती म्हणाला, "आजपासून पेले तुम्ही धुवा. माझ्याच्यानं व्हनार न्हाई."

तो बाहेर गेला आणि बायकोबरोबर घराकडे चालू लागला. वाटेत त्यानं तिला काही विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही.

पण सिंधूताईंनी पेले मोजले. इतकी वर्षं त्या माणसाबरोबर काम करून त्यांनाही ती खोड लागलीच होती. बेचाळीस पेल्यांत एकच भरलेला होता.